तीनचा पत्रा

ओतूरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान होतं. वर पाटी होती, ‘चांगदेव मोटर रिवाइंडिंग वर्क्स’. पाटीवर नाव चांगदेवचं, गिऱ्हाइकाशी बोलणं चांगदेवचं, चहा सांगणंही चांगदेवचं. आणि आत, बाबासाहेबांच्या फोटोखाली पोत्यावर मांडी घालून मोटरीच्या पोटात तार भरत बसलेली बाई म्हणजे त्याची बायको कोंडाबाई. सगळं काम तिचं. नव्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो आधी हसायचाच. हसेना का बापडा. दोन महिन्यांनी शेजाऱ्याची जळकी मोटर घेऊन तोच परत यायचा आणि सरळ आत बघून विचारायचा, “वहिनी, कधी मिळंल?”

चांगदेव हे काम भोसरीच्या कारखान्यात शिकला होता. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास तो गावी परतला आणि त्यानं दुकान टाकलं. माणूस कसबी, पण त्याला एक खोड होती. बोलल्याशिवाय त्याचे हात चालत नसत, आणि बोलायला लागला की मोजणी चुके. वाइंडिंगमध्ये सगळा खेळ मोजणीचा. एका खाचेत बेचाळीस वेढे गेले आणि दुसरीत एकोणचाळीस, की मोटर घुमायला लागते, तापते आणि एक दिवस बसते. कोंडाबाई दुपारी भाकरी घेऊन यायची, ती बसून त्याचे वेढे मोजायला लागली. पहिल्या वर्षी तिनं नुसते मोजले. दुसऱ्या वर्षी तार हातात घेतली. तिसऱ्या वर्षी चांगदेव बाहेरच्या बाकड्यावर गेला तो कायमचा, आणि खरं सांगायचं तर तिथं तो जास्त सुखी होता. बायकोनं आपला धंदा हिसकावला असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं कोंडाबाई म्हणायची आणि लगेच पुढं जोडायची, “तेवढाच एक गुण हाये.”

शाळा तिची चौथीपर्यंत. पण तारेचा नंबर, म्हणजे तिची जाडी, ती अंगठा फिरवून सांगायची, आणि एकदा भरलेली मोटर जन्मभर विसरायची नाही. कोणाच्या मोटरीत किती वेढे, कुठली तार, कुठं आधीच्या मिस्त्रीनं लबाडी केलेली, सगळं तिला तोंडपाठ. तांब्याचे भाव चढले तेव्हा भल्याभल्यांनी तार बारीक केली, कोणी दोन-दोन वेढे कमी मारले. ती नाही. “तार चोरली तर मोटर बोंबलतीया, आन नाव माझं घेतीया,” असं ती म्हणायची. चांगल्या कामाचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

आता पत्र्याची गोष्ट. त्या काळात शेतीपंपांना मीटर नव्हते. बिल यायचं एचपीवर. तीनच्या मोटरीला तीनचं, पाचच्या मोटरीला पाचचं, मग ती दिवसभर चालो नाहीतर गंजत पडो. आणि मोटर कितीची हे ठरायचं तिच्या अंगावर रिबिटानं ठोकलेल्या इवल्याशा पत्र्यावरून. वीज बोर्डाचा माणूस यायचा, पत्रा वाचायचा, लिहून घ्यायचा आणि चहा पिऊन जायचा. दर कमी होता तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मग दर चढायला लागला. कॉलेजला जाणारी लेक प्रज्ञा दुकानात बसून पेपर वाचून दाखवायची. कोळसा महागला, गॅसवर केलेली वीज बोर्डाला परवडेना, मुंबईत आता एक आयोग बसलाय, वीज तयार करायला किती खर्च येतो ते बोर्डानं त्याच्यापुढं मांडायचं, आणि किती दर घ्यायचा ते आयोगानं ठरवायचं. कोंडाबाईला यातलं निम्मं कळायचं. पण तांबं महागलं की वाइंडिंग महागतं हे तिला ठाऊक होतं, तेव्हा कोळसा महागल्यावर वीज महागली याचं तिला नवल वाटलं नाही.

शेतकऱ्यांनी मात्र त्यावर आपला तोडगा काढला. पिंपरी पेंढारचा भगवंत पाचची मोटर भरायला घेऊन आला होता. टोमॅटोवाला, तोंडाचा फटकळ, पण मनानं वाईट नाही. मोटरीला नवा रंग द्यायचा होता म्हणून पत्रा काढलेलाच होता. भगवंत चांगदेवला म्हणाला, “मिस्त्री, नवा पत्रा लावणारच हाये तर तीनचा लावा की. बोर्डाला काय कळतंय?” चांगदेवच्या जिभेला ‘नाही’ म्हणायची सवयच नव्हती. त्यानं पुण्याहून आकड्यांचे पंच आणले, ॲल्युमिनियमचा पत्रा कापला आणि त्यावर तीन मारला. पत्रा हलू नये म्हणून तो धरून बसली होती कोंडाबाई. तिनं तेव्हा तोंड उघडलं नाही. ही आपली चूक, असं ती पुढं कितीदा म्हणाली असेल, त्याला गणती नाही.

बातमी कानोकान गेली. तीन-चार वर्षांत भगवंतच्या वस्तीवरच्या अठराच्या अठरा मोटरींवर तीनचा पत्रा लागला. वाइंडिंग केलं की पत्रा फुकट, असा रिवाजच पडला. वस्तीवरचे जुने जाणते रखमाजी, त्यांची मोटर साडेसातची, तिलाही तीनचाच पत्रा. म्हशीला शेळीचं दावं बांधावं तसा तो दिसायचा. पण सगळेच करतात म्हटल्यावर कोणाला त्यात काही वावगं वाटेना.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, सगळ्यांच्या मोटरी दिवसदिवस चालायला लागल्या, आणि वस्तीवरच्या मोटरी पटापट जळायला लागल्या. कोंडाबाईनं भरलेली मोटर पूर्वी सहा-सहा वर्षं जायची, ती आता दोन महिन्यांत परत. भगवंतची तर एका हंगामात तिसऱ्यांदा आली. तिसऱ्या खेपेला बाजाराचा दिवस होता, दुकानापुढं माणसं होती, आणि भगवंतचं डोकं फिरलेलं होतं. तो सगळ्यांपुढं बोलला, “बाईच्या हातचं वाइंडिंग हे. भाकरी थापावी तशी तार थापलीया. टिकंल कशी?”

कोंडाबाई आत होती. तिनं ऐकलं आणि तिला लई लागलं. त्या दिवशी ती जेवली नाही. चांगदेव म्हणाला, “जाऊ दे, तोंडाळ हाये तो.” पण बोलणं तिथंच थांबलं नाही. पुढच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं दुकानावरून मोटर घेऊन आळेफाट्याकडे गेली, आणि जाताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. दहा-अकरा वर्षांत कमावलेलं नाव होतं. ते तिच्या डोळ्यांपुढं चाललं होतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता हे फक्त तिला माहीत होतं.

दोष नाही हे तिनं मोटर उघडून बघितलं होतं. वाइंडिंगमध्ये चूक असली तर कॉइल एका जागी जळते. इथं तिन्ही फेजच्या कॉइली सारख्या काळ्या पडल्या होत्या, कोळशासारख्या. “अवो, हे बघा,” ती चांगदेवला म्हणाली. “कोणी चूक केली म्हणून ही जळली न्हाई. हिला पोटभर व्होल्टेजच मिळंना. उपाशी बैलाला औताला जुंपल्यावानी झालंय.”

आणि मग तिनं एक गोष्ट केली, जी आजवर कुठल्या मिस्त्रीनं केली नव्हती. भगवंतची मोटर भरून गेल्यावर दुकानातला व्होल्टमीटर फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि एसटीनं पिंपरी पेंढार गाठलं. त्या आठवड्यात वस्तीला वीज दिवसा होती. भगवंतच्या विहिरीवर ती जाऊन उभी राहिली तेव्हा तो कडू तोंड करून म्हणाला, “आता काय वहिनी, हितं बसून भरता का?”

“भरत न्हाई. दाखवते,” ती म्हणाली. “समद्या मोटरी बंद करा म्हणावं. मग एकेक चालू करा.”

भगवंतची आई साळुबाई पाटाच्या कडेला बसून होती. तिनंच पोराला दटावलं, “कर की ती म्हणतीया तसं.” भगवंतनं बांधावरून हाका मारल्या, हाकेला हाक लागत गेली आणि मोटरी थांबल्या. कोंडाबाईनं व्होल्टमीटर विहिरीवरच्या पेटीला जोडला, काटा चारशे व्होल्टच्या वर उभा राहिला. मग पहिली मोटर लागली, दुसरी लागली, सातवी लागली. दर मोटरीला काटा थोडा खाली उतरायचा. रखमाजी काठी टेकत जवळ आले आणि वाकून बघायला लागले. अठरावी चालू झाली तेव्हा काटा तीनशेच्याही खाली गेला होता आणि भगवंतची मोटर कण्हत होती.

“तात्या, अशानं कोणाची बी मोटर जळंल,” कोंडाबाई रखमाजींना म्हणाली. “व्होल्टेज पडलं की मोटर जास्तीचा करंट ओढती आन शिजती. डीपी हाये त्रेसष्टची. तिच्यावर तुमी किती भार टाकलाय, ते तुमाला बी ठावं आन मला बी.”

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. खांबांवर बसवलेली ती करडी पेटी. जेवढ्याची डीपी, ढोबळमानानं तेवढ्या एचपीचा भार ती पेलते. सगळ्या वस्तीचं पाणी तिच्या जिवावर. रखमाजी म्हणाले, “मग शंभरची डीपी मागू. चला उद्या ओतूरला.”

दुसऱ्या दिवशी पाचसहा जण बोर्डाच्या ऑफिसात गेले. चांगदेव आणि कोंडाबाईलाही सोबत घेतलं. सेक्शनचे इंजिनिअर तरुण होते, बोलायला सौम्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत वाचलं, “अठरा मोटरी. सगळ्या तीनच्या. एकूण चौपन्न एचपी.” मग मान वर केली. “त्रेसष्टच्या डीपीला चौपन्न म्हणजे काहीच नाही. कागदावर तुमची डीपी आरामात आहे.”

रखमाजी काठी या हातातून त्या हातात घ्यायला लागले.

“मी वर शंभरची मागणी पाठवली, तर वरचे विचारतील कशासाठी,” साहेब म्हणाले. “आता पूर्वीसारखं नाही. बोर्ड कुठं किती खर्च करतं ते आयोगापुढं सांगावं लागतं. गरज नसताना मोठी डीपी बसवली, तर तो खर्च शेवटी सगळ्यांच्याच दरात जातो. मला खरा भार लिहून द्या, मी उद्या मागणी पाठवतो.” खरं काय ते त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. त्याच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

सगळ्यांच्या नजरा चांगदेवकडे गेल्या आणि तिथून जमिनीकडे. स्वतःच्या हातानं लावलेला पत्रा असा आडवा येईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाहेर आल्यावर रखमाजी म्हणाले, “खरं सांगितलं तर बिलं जवळपास दुप्पट. आन मागचं उकरून काढलं तर आनिक भानगड. बघू, थोडं थांबू.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेले.

थांबायला डीपी तयार नव्हती. पंधराव्या दिवशी भर दुपारी तिच्यातून धूर निघाला आणि जाता जाता ती सात मोटरी घेऊन गेली. बोर्डानं त्रेसष्टचीच दुसरी आणून बसवली, कारण कागदावर तेवढीच लागत होती. सातही मोटरी चांगदेवच्या दुकानात ओळीनं येऊन बसल्या. चांगदेव खुशीत. महिन्याभराचं काम एकदम आलं होतं. कोंडाबाई मात्र त्या ओळीकडे बघत नुसती बसून राहिली.

“ह्या मी भरणार न्हाई,” ती म्हणाली.

“का गं?”

“भरल्या तर दोन महिन्यांनी हितंच येत्याल. आन दर खेपेला जळतंय माझं नाव. ज्याला भरून पायजे त्यानं आधी खरा पत्रा लावायचा आन साहेबाकडं खरा भार लिहून द्यायचा. तवर मी तार उघडत न्हाई.”

चांगदेवचा चेहरा उतरला. “अगं, पत्रं मी मारल्यात. साहेबानं विचारलं कोणी मारलं, तर मला आत टाकत्याल.”

“मी धरला व्हता ना पत्रा? दोघं जाऊ.”

त्यावर चांगदेव गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे किती घाबरला असेल बघा. भीती तिलाही होतीच. प्रज्ञाचं कॉलेज, दुकानाचं भाडं, आणि वर नवरा चौकशीत अडकला तर? पण मनाचा कौल एकाच बाजूला पडत होता. चांगली मोटर भरणं एवढंच तिला येत होतं, आणि ते येत नाही असं लोक म्हणत होते. हे सोसून धंदा करण्यापेक्षा तो बंद पडलेला बरा, असं तिनं ठरवलं.

मोटरी न्यायला आलेल्या मंडळींना तिनं दारातच सांगितलं. एकच गलका झाला. सावळेराम नावाचा एक जण म्हणाला, “आमच्या मोटरीचा पत्रा कसा असावा ते तुमी सांगणार व्हय?” भगवंत म्हणाला, “सरळ म्हणा की भरता येत न्हाई.” सातातल्या चार मोटरी उचलून त्यांनी टेम्पोत घातल्या आणि आळेफाट्याला नेल्या. उरलेल्या तिघांनी आपल्या तिथंच ठेवल्या. त्यांचं काही ठरेना.

पुढचे वीस-बावीस दिवस लई वाईट गेले. दुकान उघडं, हात रिकामे. कोंडाबाईनं कॉइली गुंडाळायचे फर्मे पुसले, भिंतीला चुना दिला, वार्निशचे डबे तीन वेळा इकडून तिकडे लावले. चांगदेव बाकड्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा, पण लोक घाईत असल्यासारखे पुढं जायचे. एकदा तो न राहवून म्हणाला, “एखादी भर की गुपचूप. कोणाला कळतंय?” तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो उठून चहा सांगायला गेला.

आणि एका सकाळी एसटीतून साळुबाई उतरली. म्हातारी एकटीच आली होती, हातात टोमॅटोची पिशवी. दुकानाच्या पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “कोंडाबाई, त्या आळेफाट्यावाल्यानं भरल्याल्या चारातल्या तीन जळाल्या. आमची बी जळाली.”

“तो मिस्त्री चांगला हाये मावशी. त्याचं काम मी पाहिलंय. त्याचा दोष न्हाई.”

“त्येच तर म्हणते मी,” साळुबाई म्हणाली. “बाप्यानं भरली ती बी जळाली. मी भगवंताला म्हणलं, आता कुणाच्या भाकरीला नावं ठेवतोस? खाली मान घालून बसलाय. टोमॅटोला फूल लागलंय, पाणी न्हाई मिळालं तर समदं हातचं जाईल. तू म्हणतीस तसं व्हईल. वस्तीवर मी बोलते.”

वस्तीवर ती काय बोलली कोण जाणे. पण दोन दिवसांनी रखमाजींनी सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलं आणि सांगितलं, की खोटा भार दाखवून आपण बोर्डाला फसवायला गेलो आणि आपल्याच विहिरी अडवून बसलो, आता खरं लिहून द्यायचं. कुरकुर झाली. बिलाचा आकडा ऐकून दोघं उठून गेले आणि परत येऊन बसले. शेवटी सगळे तयार झाले.

अठरा जण ऑफिसात गेले तेव्हा बसायला जागा पुरेना. साहेबांनी फॉर्म काढला आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. पहिला माणूस डोकं खाजवत म्हणाला, “तीनची... म्हंजी तशी चारची धरा.” रखमाजींनी काठी आपटली. “साहेब, असं विचाराल तर संध्याकाळ व्हईल. बाईला विचारा. समद्या मोटरी तिच्या हातच्या हायेत.”

कोंडाबाई पुढं झाली. हातात कागद नाही, काही नाही. “रखमाजीतात्यांची साडेसातची. भगवंतभाऊंची पाचची. सावळेरामची साडेसात, ती जुनी, भारी बनावटीची हाये. भागूबाईंची तेवढी खरीच तीनची.” एवढं ऐकून सगळे हसले, कारण भागूबाईनं उगाच पुढं येऊन तीनच्या मोटरीला तीनचाच नवा पत्रा लावून घेतला होता. कोंडाबाई सांगत गेली, साहेब लिहीत गेले. बेरीज झाली साडेपंच्याण्णव.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आणि हे तीनचे पत्रे कोणी मारले?”

चांगदेव उभा राहिला. “मी मारले साहेब.”

“पत्रा मी धरला व्हता,” कोंडाबाई म्हणाली.

मागून भगवंतचा आवाज आला, “पयला मागितला मी. मिस्त्रीला न्हाई म्हणता येत न्हाई, हे मला म्हाईत व्हतं.” तो पुढं आला नाही, भिंतीकडे बघत बोलला. पण बोलला.

साहेबांनी तिघांकडे बघितलं. “रकान्यात एकाच नावाची जागा आहे,” ते म्हणाले. “म्हणून मी तो रिकामा सोडतो. मिस्त्री, खरे पत्रे मारून झाले की ते पंच इथं आणून द्यायचे.”

चांगदेवनं ऑफिसच्या बाहेर येऊन आधी दोन ग्लास पाणी प्यायलं आणि मग अठरा जणांना चहा पाजला.

शंभरची डीपी यायला तीन महिने लागले. तोवर वस्तीनं पाळ्या लावून, निम्म्याच मोटरी एका वेळी चालवून टोमॅटो जगवले. तेवढ्या काळात साहेबांना वरच्या ऑफिसात चार खेपा माराव्या लागल्या, रखमाजींना सहा. कोंडाबाईनं तोवर सगळ्या मोटरी भरल्या, चांगदेवनं पाचचे, साडेसातचे पत्रे मारले आणि पंच नेऊन दिले. आणि मग बिलं आली. लोक करवादले, सगळ्यात मोठ्यांदा भगवंत. दोन वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर सरकारनं शेतीची वीज फुकट केली, तेव्हा तर वस्तीवर हसू झालं. “थांबलो असतो थोडं,” सावळेराम म्हणाला. वर्षभरात ती फुकटाई संपली आणि बिलं पुन्हा सुरू झाली. पुढं बोर्डाच्या कंपन्या झाल्या, वीज करणारी वेगळी, वाहून नेणारी वेगळी, घरोघर देणारी वेगळी. प्रज्ञानं ते वाचून दाखवलं तेव्हा चांगदेव म्हणाला, “तीन घरं झाली म्हंजी तीन चुली आल्या, खर्च वाढणारच.” लोडशेडिंग बारा-बारा तासांवर गेलं. वीज कमी यायची, पण आली की पुऱ्या दाबानं यायची. पिंपरी पेंढारच्या त्या डीपीवरची मोटर काही दुकानात आली नाही.

म्हणजे धंदा कमीच झाला की. चांगदेव कधीमधी बोटांवर मोजायचा, पूर्वी हंगामाला तीस मोटरी यायच्या, आता बारा. कोंडाबाईला त्याचं दुःख नव्हतं. ती पंखे भरायची, मिक्सर भरायची, पिठाच्या गिरणीच्या मोटरी भरायची. लांबून लांबून माणसं यायला लागली, पार येडगावच्या पलीकडून. बारा मोटरी यायच्या, पण त्या तिचं नाव विचारत यायच्या. दुपारी ती थोडी आडवी व्हायची, इतकी वर्षं ते तिला जमलं नव्हतं. प्रज्ञा नोकरीला लागली. दिवस बरे होते, आणि बरे आहेत असं कोंडाबाई बोलूनही दाखवायची.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात एक दिवस भगवंत जीप घेऊन दुकानापुढं थांबला. येडगावच्या बाजूला त्यानं नवी जमीन घेतली होती. मागून त्यानं खोकं उतरवलं, कंपनीचं, पट्ट्या लावलेलं, आणि आणून कोंडाबाईपुढं ठेवलं. आत नवीकोरी पाचची मोटर होती.

“वहिनी, ही खोला आन तुमच्या हातानं भरून द्या.”

कोंडाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “जळाली का काय?”

“जळंल कशी? अजून चालूच केली न्हाई.”

“मग डोकं ठिकाणावर हाये का भाऊ? कोरी मोटर खोलायची? गॅरंटी जाईल.”

“जाऊ द्या गॅरंटी. ही कोणी भरली, मला काय म्हाईत?” भगवंत म्हणाला. “जुनी तुमच्या हातची हाये. पाच वर्सं व्हऊन गेली, मी तिच्याकडं वळून बघितलं न्हाई. नव्या विहिरीवर बी मला तसंच पायजे.”

बाकड्यावर चांगदेव हसायला लागला. कोंडाबाई हसली नाही. तिनं खोक्याच्या पट्ट्या कापल्या, मोटर बाहेर घेतली, हातानं फिरवून बघितली आणि म्हणाली, “वीज दोनला येतीया. बसा तवर.” भगवंत मुकाट्यानं बसून राहिला. दोनला वीज आल्यावर तिनं मोटर जोडली, तिन्ही फेजचा करंट मोजला. सारखा होता. हात ठेवून तिचा आवाज ऐकला, बराच वेळ.

“चांगली भरलीया,” ती म्हणाली. “कोणीतरी मन लावून भरलीया. मी खोलणार न्हाई.”

“तुमी सांगता म्हंजी बसवतो,” भगवंत म्हणाला. त्यानं मोटर परत खोक्यात घातली आणि उचलून जीपमध्ये ठेवली. कंपनीचा गॅरंटीचा कागद तिथंच पोत्यावर राहिला होता. कोंडाबाईनं तो उचलून त्याच्या हातात दिला, तर त्यानं न वाचताच खिशात कोंबला.

जीप वळेपर्यंत ती दारात उभी होती. चांगदेवनं विचारलं, “रडतीस काय?” ती म्हणाली, “व्हय, रडते. लई बरं वाटलं मला.” आणि डोळे पुसून ती आत कामाला बसली.